नव्या वस्तूचा पहिला दिवस

“काय, नवीन काय?” असं आपण एकमेकांना सहज विचारतो आणि “काही नाही, चाललंय” एवढं ऐकून पुढं जातो. साळवे बाईंना हा प्रश्न विचारायची सोय नव्हती. त्या थांबायच्या, खांद्यावरची पिशवी टेबलावर ठेवायच्या आणि खरोखरच काहीतरी नवीन बाहेर काढायच्या. कधी पुण्याच्या प्रदर्शनातून आणलेली माहितीपत्रकं, कधी काचेवर लिहून पुसता येणारं पेन, कधी जुन्या स्पीकरमधून काढलेला लोहचुंबक. तो पत्र्याच्या फळ्यावर चित्रं चिकटवायला कसा उपयोगी पडतो हे करून दाखवेपर्यंत शिक्षकखोलीतला चहा निवून जायचा. म्हणून आमच्यातले मुरलेले लोक बाईंना लांबून पाहिलं की नुसता नमस्कार घालायचे आणि विषय हवापाण्यावर ठेवायचे.

राहुरीच्या आमच्या अध्यापक विद्यालयात मी मराठी शिकवायचो आणि बाई शैक्षणिक तंत्रविज्ञान. बारावी झालेली मुलंमुली डी.एड.ला आमच्याकडे यायची आणि दोन वर्षांत प्राथमिक शाळेवर गुरुजी-बाई होऊन जायची. त्यांना आम्ही छात्राध्यापक म्हणायचो. माझ्या विषयाला खडू पुरायचा, आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा तोही लागायचा नाही. बाईंच्या विषयाचं तसं नव्हतं. त्यात जगात कुठंतरी रोज काहीतरी नवीन निघायचं, आणि ते नगर जिल्ह्यात पोचेपर्यंत तिकडं जुनं होऊन गेलेलं असायचं. मधला हा काळ कमी करायचा, एवढ्या एका गोष्टीसाठी ही बाई आयुष्यभर धावली असं मला वाटतं.

दिसायला बारीक चणीच्या, बुटक्या. कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटावर मोठं पुरुषी घड्याळ. चालणं असं झपाझप की बरोबर चालणाऱ्याचं बोलणं अर्धवट राहायचं. बोलणं वर्गात अगदी पुस्तकी, पण एखादी गोष्ट आतून आली की गावाकडची भाषा वर यायची. त्यांचं गाव मुळा नदीच्या काठचं. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार. बाई शाळकरी असताना त्यांच्या सगळ्या वस्तीनं बौद्ध धम्म स्वीकारला होता. त्या वस्तीतून कॉलेजपर्यंत शिकलेली पहिली मुलगी म्हणजे बाई. हे त्यांनी कधी मिरवलं नाही आणि कधी लपवलंही नाही.

त्यांची आणखी एक खोड म्हणजे ‘कळणं’ या शब्दावर त्यांचा राग होता. छात्राध्यापकानं पाठाच्या टाचणात ‘विद्यार्थ्यांना अपूर्णांक कळतील’ असं उद्दिष्ट लिहिलं की बाई त्याला उभं करायच्या. “कळले हे तुला कसं दिसणार? काय केलं पोरानं म्हणजे कळलं म्हणायचं? भाकरीचे चार सारखे तुकडे करून दाखवील? तसं लिही.” ही सवय वर्गाबाहेरही सुटायची नाही. आमच्या सहलीचा हिशेबनीस एकदा म्हणाला, “सहल छान झाली.” बाईंनी लगेच विचारलं, “छान झाली म्हणजे काय काय झालं?” बिचारा गडी ताकाला जाऊन भांडं लपवावं तसा उगीचच इकडचं तिकडचं बोलायला लागला.

एकदा मी त्यांना म्हणालो, “एवढी घाई कशाला बाई? येईल तेव्हा येईल की सगळं आपल्याकडं. शाळांना अजून छप्पर नाही, आणि तुम्ही प्रोजेक्टर प्रोजेक्टर करताय.”

त्यांनी पिशवी खाली ठेवली.

“सर, मी पहिलीत गेले ना, तेव्हा शेजारच्या पोरीला पाढे घरूनच येत होते. तिच्या बापाला येत होते, आज्याला येत होते. मला पाढे नावाचं काही असतं हेच वर्गात कळलं. तिला गाठायला मला सातवी उजाडली. पण नव्या वस्तूचं तसं नसतं. पहिल्या दिवशी तिच्यापुढं सगळे सारखेच अडाणी. कुणाच्या आज्याला प्रोजेक्टर लावता येत होता? तेवढा एक दिवस असतो सर. तो आपण सोडायचा न्हाई.”

माझ्या आज्याला पाढे येत होते.

आमच्या विद्यालयाला सरकारकडून ओव्हरहेड प्रोजेक्टर मिळाला होता. खाली दिव्याची पेटी, तिच्यावर आडवी काच, वर दांड्याला भिंग. काचेवर लिहिलेलं भिंतीवर मोठं दिसायचं. ओएचपी म्हणायचे त्याला. दिसायचं म्हणजे दिसलं असतं. तो आला त्या दिवसापासून प्राचार्यांनी कपाटात ठेवून दिला होता, आणि त्याला त्यांच्या घरून क्रोशाचं विणलेलं झाकण आलं होतं. बाई आठवड्याला एकदा तो मागायच्या. प्राचार्य माणूस वाईट नव्हता, पण सरकारी वस्तू म्हटलं की ते आधी कुलूप शोधायचे. “बाई, आतला बल्ब उडाला तर नगरला मिळत नाही. पुण्याला जावं लागतं. उद्या तपासणीला कुणी आलं आणि वस्तू बंद निघाली, तर उत्तर मी द्यायचं.” वापरली नाही तर वस्तू बिघडत नाही, हे त्यांचं म्हणणं तसं बिनतोड होतं.

ओएचपी वर्षातून एकदा बाहेर यायचा, खंडेनवमीला. त्या दिवशी घराघरांत हत्यारं-अवजारं, कारखान्यात यंत्रं पुजतात. आमच्याकडे टाइपरायटर, शाळेची घंटा, प्रयोगशाळेतला तराजू आणि ओएचपी. त्या वर्षीही शिपाई रंगनाथनं काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, अक्षता टाकल्या, झेंडूची फुलं ठेवली. बाई पूजेला हात लावत नसत, पण पेढा घ्यायला हजर असायच्या. पेढा खाऊन झाल्यावर हात पुसत त्या प्राचार्यांना म्हणाल्या, “सर, ट्रॅक्टरची पूजा केली की तुमच्याकडं काय करतात?”

“काय करतात म्हणजे? नारळ फोडतात, वेशीपर्यंत फिरवून आणतात.”

“पूजा करून तसाच गोठ्यात कुणी ठेवत नाही ना?”

“छे. अपशकुनच तो.”

“मग याला पण वेशीपर्यंत नेऊ,” असं म्हणून बाईंनी पिन लावली आणि बटण दाबलं.

चुन्याच्या भिंतीवर माणसाच्या उंचीचं स्वस्तिक उमटलं. तांदळाचे दाणे पावट्याएवढे दिसत होते. झेंडूचा मधला भाग नुसता काळा गोळा, पण कडेच्या पातळ पाकळ्या केशरी उजळल्या होत्या. रंगनाथनं भिंतीला हात जोडले. बाईंनी विचारलं, “कुंकू लाल आहे ना? मग भिंतीवर काळं का पडलं?”

प्राचार्य भिंतीकडे बघत होते, काचेकडे बघत होते. मग एकदम ओरडले, “उजेड खालून येतोय! कुंकवातून तो आरपार जात नाही! पाकळीतून जातोय, म्हणून पाकळी केशरी!” आणि स्वतःच एक पाकळी तोडून काचेवर ठेवली, मग पेढ्याचा कागद ठेवला, मग आपला चष्मा. अर्धा तास आम्ही खिशातल्या वस्तू काचेवर ठेवत होतो. सण संपल्यावर कपाटाची किल्ली बाईंकडे गेली आणि क्रोशाचं झाकण प्राचार्यांच्या घरी परत गेलं.

आता काचेवर ठेवायला पारदर्शक कागद हवे होते, आणि ते महाग. बाईंनी गावातल्या डॉक्टरांकडून जुने एक्सरे मागून आणले. ते ब्लीचिंग पावडरीच्या पाण्यात भिजवून घासले की काळा थर निघून खाली स्वच्छ फिल्म उरायची. मुलींची एक तुकडी नळावर बसून एक्सरे धूत असे. घाईत एक नीट धुतला गेला नाही. जवळच्या प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गावर सरावाचा पाठ चालू होता, जास्वंदीच्या फुलाचे भाग. तपासणीचे साहेब मागे बसलेले. भिंतीवर जास्वंद आली, आणि तिच्या मागे कुणातरी पेशंटच्या बरगड्या अंधुक दिसत होत्या. छात्राध्यापिकेनं देठ, निदलपुंज, पाकळ्या असं सगळं घोकल्यासारखं सांगितलं आणि शेवटी विचारलं, “अजून काय दिसतं?” पहिल्या रांगेतलं पोरगं म्हणालं, “फुलाच्या बरगड्या.”

साहेबांना हसू आवरेना. आम्ही सगळे मान खाली घालून बसलो. बाई मात्र हसल्या नाहीत. पाठानंतर त्या मुलीला म्हणाल्या, “तुझं काही चुकलं नाही, पण एक ध्यानात ठेव. तुला जास्वंद दिसत होती, पोरांना बरगड्या दिसत होत्या. साधन काय सांगतंय, ते त्यांच्या जागेवर बसून बघायचं.” मुलगी रडत होती. बाईंनी तिला तोच पाठ दुसऱ्या वर्गावर परत घ्यायला लावला. या वेळी फिल्म बाईंनी स्वतः धुतली होती.

या सगळ्या काळात बाईंच्या डोक्यात एक गोष्ट घर करून होती. शिकवताना आपण कसे दिसतो हे शिकवणाऱ्याला कधीच दिसत नाही. सूक्ष्म अध्यापन नावाचा एक प्रकार आमच्या अभ्यासक्रमात होता. पाच-सहा मिनिटांचा छोटा पाठ घ्यायचा, आणि त्यात एकच कौशल्य सुधारायचं. कधी प्रश्न विचारणं, कधी फळ्यावर लिहिणं. परदेशात म्हणे असा पाठ व्हिडिओवर घेऊन त्या माणसालाच दाखवतात. बाईंनी हे कुठल्याशा मासिकात वाचलं, आणि मग त्यांना चैन पडेना. व्हिडिओ कॅमेरा राहुरीत एकाच माणसाकडं होता. अशोक शूटिंगवाला. तो लग्नं काढायचा. श्रावणात लग्नं नसतात, म्हणून तो यायला कबूल झाला.

आठ-दहा दिवसांनी त्यानं कॅसेट आणून दिली. खोक्यावर छापील गणपती होता आणि खाली ‘शुभविवाह’. आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलो. सनई सुरू झाली. आकाशातून अक्षरं फिरत फिरत खाली आली, ‘सूक्ष्म अध्यापन समारंभ’. मग एक बदाम उमलला आणि त्याच्या आतून अकोले तालुक्यातली एक लाजाळू छात्राध्यापिका फळा पुसताना दिसायला लागली. तिनं प्रश्न विचारला की चित्राच्या पाकळ्या व्हायच्या आणि उडून जायच्या. फळ्यावर काय लिहिलंय ते एकदाही नीट दिसलं नाही, पण प्राचार्य पाणी पिताना फार वेळ दिसले. पाठ संपल्यावर वऱ्हाडी मंडळी दाखवावीत तसं अशोकनं वर्गातलं एकेक पोरगं सावकाश दाखवलं होतं, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत.

हसून हसून आमच्या डोळ्यांतून पाणी आलं. अशोक बिचारा दाराशी उभा. “बाई, मी तर जादाचे इफेक्ट टाकले, त्याचे पैसेबी लावले न्हाईत.” बाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि कॅसेट मागं घेतली. जिथं मुलांचे चेहरे होते तिथं थांबवली.

“हे बघा. हा जांभई देतोय. ही मुलगी ओठातल्या ओठात उत्तर पुटपुटतेय, तिला कुणी विचारलंच नाही. हा मागचा, त्याला फळाच दिसत नाही, मान काढून काढून दमलाय. शिकवणारीला बघायला आपण कॅमेरा आणला आणि या अशोकनं पोरं दाखवली. तेच तर बघायचं होतं.”

अकोल्याची ती मुलगी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन त्या पुटपुटणाऱ्या पोरीकडे बघत बसली. मी वीस वर्षं वर्गात उभा होतो, आणि मागच्या रांगेतल्या पोराला फळा दिसतो का, हे मीही कधी विचारलं नव्हतं. पुढच्या श्रावणात बाईंनी अशोकला परत बोलावलं. “तुमच्या सवयीनंच काढा, पोरं अशीच एकेक दाखवा. फक्त बदाम नको.”

मग कॉम्प्युटर येणार अशी बातमी आली. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि बाईंच्या नोकरीची शेवटची काही वर्षं राहिली होती. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की पुण्याच्या प्रशिक्षणाला बाईच जाणार. दुसरं कोण? जागा एकच होती. बैठकीत प्राचार्यांनी नवलेंचं नाव वाचलं. नवले आमचाच जुना विद्यार्थी, बाईंच्या हाताखालून गेलेला, पुढं शिकून आमच्याकडेच अधिव्याख्याता म्हणून लागलेला. संस्थेच्या एका संचालकांचा भाचा होता हे खरं, पण मुलगा हुशार आणि सरळ होता. प्राचार्य बाईंकडे न बघता म्हणाले, “बाई, तुम्ही आयुष्यभर दगदग केलीत. आता जरा आराम करा. तरुणांना करू द्या.”

बाई उभ्या राहिल्या. “सर, मी मागं पडले का?”

एवढंच विचारलं. आवाजात राग नव्हता, खरोखरच माहिती हवी असल्यासारखा प्रश्न होता. प्राचार्य कागद चाळत राहिले. त्यांनी उत्तर दिलं असतं, अगदी ‘हो’ म्हटलं असतं, तरी बाईंना चाललं असतं असं मला वाटतं. मला त्या दिवशी त्यांचं फार वाईट वाटलं. मी तसं त्यांना म्हणालोही. त्या म्हणाल्या, “वाईट वाटून घेऊ नका. नगरला क्लास कुठं आहे तेवढं माहीत असलं तर सांगा.”

दर रविवारी सकाळच्या एसटीनं बाई नगरला जायला लागल्या. दिल्ली दरवाज्याजवळ एका टायपिंग इन्स्टिट्यूटनं मागची खोली रिकामी करून कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. बाई कुणाला काही सांगत नसत, पण सोमवारी शिक्षकखोलीत “नवीन काय” विचारलं तर पिशवीतून काही निघायचं नाही. दोन-तीन महिने हे चाललं. एका रविवारी मी पाहुण्यांकडून परतत होतो, तर माळीवाड्याच्या स्टँडवर बाई भेटल्या. एकाच गाडीत बसलो. विळद घाट येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

“कसा काय क्लास?” मी विचारलं.

“एका कॉम्प्युटरपुढं तीन खुर्च्या असतात. एक सावेडीचा मुलगा, एक लष्करातल्या साहेबांची मुलगी, आन तिसरी मी. त्या दोघांच्या घरी कॉम्प्युटर हाय. त्यांची बोटं अशी चालतात, सर... माझा हात पुढं जाईपर्यंत त्यांचं झालेलं असतं.”

“सरांना सांगायचं की.”

“सांगितलं. ते म्हणाले, ‘आजी, तुम्ही नुसतं बघून घ्या.’”

“आजी म्हणाले?”

“आजी म्हणाले त्याचं काही न्हाई. माझं वयच हाय. बघून घ्या म्हणाले.” त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. “या वेळी पहिला दिवस आधीच होऊन गेला, सर. कुठंतरी पुण्या-मुंबईत, कुणाच्या तरी घरात. आपल्याला कुणी सांगितलंच न्हाई.”

मी त्यांना समजुतीचं काहीतरी बोललो असेन. काय, ते आठवत नाही. त्यांनी तो क्लास शेवटपर्यंत केला, एकदाही माउस हातात न धरता.

आमच्या विद्यालयात दोन कॉम्प्युटर आले. त्यांच्यासाठी ग्रंथालयाची निम्मी खोली घेतली, पडदे लावले, सतरंजी घातली. दारावर पाटी लागली, ‘चपला बाहेर काढाव्यात’. नारळ फुटला. आत गेलं की आपोआप सगळे कुजबुजत बोलायचे. नवले आठवड्यातून दोन तास घ्यायचा. तो समोर खुर्चीवर बसून करून दाखवायचा आणि वर्गभर छात्राध्यापक सतरंजीवर बसून त्याच्या खांद्यावरून बघायचे. मशिनला हात लावायची परवानगी नव्हती. बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस नाशिकहून यायचा.

बाईंच्या निरोप समारंभाला मी नव्हतो, मुलीच्या बाळंतपणासाठी कोपरगावला गेलो होतो. त्यामुळं माझ्या मनात बाईंचं जे शेवटचं रूप आहे, ते त्याआधीचं, एका दुपारचं. माझा तास मोकळा होता आणि मी ग्रंथालयात एक पुस्तक शोधत होतो. मधल्या लाकडी जाळीतून पलीकडची कॉम्प्युटरची खोली दिसायची. नवलेचा तास सुरू झाला होता. बाई दारात आल्या. चपला काढल्या. बऱ्याच जोड्यांमध्ये नीट एका कडेला ठेवल्या.

“नवले सर, मी मागं बसू का? शिकायला.”

नवले खुर्चीवरून ताडकन उठला. “बाई, अहो... तुम्ही इथं या, खुर्चीवर बसा.”

“नको. मागंच बरी.”

मुली सरकल्या आणि बाई शेवटच्या रांगेत सतरंजीवर मांडी घालून बसल्या. नवलेनं दोन वेळा घसा खाकरला आणि शिकवायला सुरुवात केली. तो काही फार वाईट शिकवत नव्हता. माउस म्हणजे काय, तो हलवला की पडद्यावरचा बाण हलतो, बाण चित्रावर नेऊन दोनदा दाबलं की खिडकी उघडते. खिडक्या उघडल्या, मिटल्या. मग त्यानं मागं वळून विचारलं, “कळलं का सगळ्यांना?”

“हो सर,” सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

बाईंनी हात वर केला.

नवलेनं पुढच्या मुलांकडं पाहिलं, पुस्तकाकडं पाहिलं. हात तसाच वर होता. शेवटी तो म्हणाला, “बोला ना बाई.”

बाई उभ्या राहिल्या. विद्यार्थी राहतात तशा, हात पाठीमागे बांधून. “सर, मला नाही कळलं. तुम्ही बाण म्हणताय तो कुठं आहे, तेच मला दिसत नाही.”

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. आपल्याला बाईंची लाज वाटणार आहे, असं मला क्षणभर वाटलं. तीस-पस्तीस वर्षं सगळ्यांच्या पुढं धावलेली बाई आणि तिनं असं भर वर्गात, स्वतःच्या विद्यार्थ्यापुढं, आपल्याला साधा बाण दिसत नाही असं सांगावं. पण लाज वाटली नाही. हेवा वाटला.

“पुढं या बाई,” नवले म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज बदलला होता. त्यानं खुर्ची सोडली. बाई बसल्या. त्यानं माउस त्यांच्या हाताखाली सरकवला. त्यांनी तो असा घट्ट धरला की बोटांची पेरं पांढरी पडली. माउस निघाला तो थेट टेबलाच्या कडेपर्यंत गेला.

“सर, टेबल संपलं.”

वर्ग हसला. बाईही हसल्या.

“उचला, आणि परत मध्ये ठेवा. बाण जिथल्या तिथं राहतो.”

“राहतो?” बाईंनी माउस उचलला, हवेत धरला, पडद्याकडे पाहिलं, परत खाली ठेवला. पुन्हा उचलला. नवले शेजारी वाकून उभा होता. थोड्या वेळानं त्यानं वर्गाकडे वळून सवयीनं विचारलं, “कळलं का?”

या वेळी कुणी ‘हो सर’ म्हणालं नाही. पाथर्डीकडची एक मुलगी गुडघ्यावर उठली, हात अर्धा वर करून म्हणाली, “सर, मलाबी बाण दिसत न्हाई. मागच्या तासालाबी दिसला न्हवता.” तिच्या शेजारणीचा हात वर आला. मग एका मुलाचा. मग खिडकीकडच्या सगळ्या रांगेचा. बघता बघता निम्म्याहून जास्त वर्गाचे हात वर झाले, आणि नवले त्या हातांकडे बघत उभा राहिला.

बाईंचं तिकडं लक्ष नव्हतं. चष्मा कपाळावर सरकवून, नाक काचेला टेकेल इतक्या पुढं झुकून त्या पडद्याच्या कोपऱ्यात काहीतरी शोधत होत्या.